गोजरबाईचा खडक

गोजरबाईचं आपल्या लेकाबद्दल एकच गाऱ्हाणं होतं, आणि शिनोली ते तळेघर एसटीत जो कुणी शेजारी बसेल त्याला ते ऐकावंच लागे. सुदर्शननं तिचा खडक बुडवला.

खडक म्हणजे धुण्याचा. ओढ्याच्या काठचा, बसायला खोलगट, आपटायला सपाट. आधी सासूनं झिजवला, मग गोजरबाईनं. सुदर्शननं पुण्याहून पैसे मोजून तंबूत राहायला येणाऱ्या पावण्यांसाठी ओढ्यावर मातीचं छोटं धरण बांधलं, त्यात बदकाच्या आकाराची पायडलची होडी सोडली आणि खडक गेला तळाला. त्याच्या बदल्यात घरात धुण्याचं मशीन आलं. एक गोधडी टाकली की ते न्हाणीभर नाचायचं आणि मग रडत बंद पडायचं.

बरं, धरण बांधलं तर त्याची निगा तरी राखावी. बांधावर फोटोसाठी लाल दिव्यांचं भलंमोठं बदाम उभं केलं, आणि त्याच्या बुडाशी घुशींनी बिळं पाडली. जादा पाणी निघून जायला एका कडेला सिमेंटचा सांडवा ठेवला, तर पावण्यांच्या गळाचे मासे पळतील म्हणून त्याच्या तोंडाला बारीक जाळी ठोकली.

“अरे, कचरा अडकंल तिथं,” गोजरबाई म्हणाली होती.

“आई, तू धरणातलं मला सांगू नको. इंजिनिअर बघून गेलाय.”

“बघून न्हाई, कोंबडी खाऊन गेलाय. बांधाकडं त्याची पाठ व्हती.”

तर घट बसायचे दिवस आले. घट बसायच्या आत घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा गोजरबाईचा कायदा. सुदर्शन किराणा आणायला घोडेगावला गेलेला बघून तिनं पदर खोचला, सून हर्षालीच्या डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं दिलं आणि थेट सांडवा गाठला. खाली सपाट सिमेंट, वर वाहतं पाणी. लेकानं नकळत का होईना, आईसाठी एक तरी सोय केली होती!

गोधड्या तुडवून झाल्या. आतला सोडा निघायला हवा म्हणून गोजरबाईनं त्या जाळीच्या आतल्या अंगाला पाण्यात सोडल्या आणि वाहून जाऊ नयेत म्हणून एकेकीचं टोक जाळीला बांधलं.

“आत्या, पाणी अडतंय वाटतं,” हर्षाली म्हणाली.

“आपल्या चार गोधड्यांनी धरण अडतंय व्हय? जा, तंबूतल्या पावण्यांच्या रजया बी आण. लोळून लोळून पार पोतेरं केलंय त्यांनी.”

रजयाही गेल्या. गोजरबाई घरी येऊन जेवली आणि जरा आडवी झाली. इकडं लख्ख ऊन, पण तिकडं डोंगरात तळेघरच्या अंगाला ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळत होता, हे तिला घोरता घोरता कळणार कसं?

“ओ वैनी, उठा. तुमचं धरण उतू चाललंय!”

अंगणात तिचा चुलतदीर सावळेराम उभा होता. त्याचं भाताचं खाचर बरोबर बांधाखाली, आणि भात लोंब्यांवर आलेलं. बांध गेला तर तासाभरात त्याचं वर्ष वाहून जाणार होतं. गोजरबाई तशीच पळत सुटली.

पाणी बांधाच्या माथ्याला लागलं होतं. बदकात बसलेले चष्मेवाले पावणे बांधावरच्या माणसांच्या नजरेला नजर देत पायडल मारत होते. “काठोकाठ भरलंय, वा! मुद्दाम केलंत का?” त्यांनी विचारलं. नुकताच परतलेला सुदर्शन जेसीबीवाल्याला फोन लावत होता, आणि जेसीबीवाला कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला नाचत होता.

“घुशी,” गोजरबाईनं निकाल दिला. “मी कवाची सांगत व्हते.”

झालं. सगळे बिळांवर तुटून पडले. सुदर्शन माती ओढू लागला, हर्षाली पोती भरू लागली. गोजरबाई कमरेवर हात ठेवून हुकूम सोडत होती.

“पर वैनी, बिळांनी पाणी कमी व्हईल. हे वाढतंय कसं?” सावळेरामनं मान वळवली. “आन् सांडवा कोरडा का हाय?”

हर्षालीनं सासूकडं पाहिलं. गोजरबाईनं डोळे वटारले, तशी हर्षाली पुन्हा पोत्यात माती भरू लागली.

“तुमी बिळं बघा, मी जरा पाय धुऊन येते,” असं म्हणून ती सांडव्याकडं सटकली. गाठी पार आवळल्या होत्या. तिनं एक गोधडी ओढली. हलेना. पाय रोवून ओढली. पाण्याच्या दाबानं गोधड्या जाळीला अशा चिकटल्या होत्या, जशा तव्याला करपलेल्या भाकरी. मागं वळून पाहिलं, तर बांधावरून पाण्याची पहिली धार सावळेरामच्या भाताकडं निघाली होती.

तिनं एकदा धारेकडं पाहिलं, एकदा सावळेरामकडं.

“सुदर्शन,” ती ओरडली, “तुझ्या जाळीत काय तरी अडकलंय बग!”

सुदर्शननं खालच्या अंगानं जाऊन जाळीला दोर बांधला, ट्रॅक्टर जुंपला. जाळी उखडली आणि तिच्यामागं गोधड्या, रजया, सगळं बिऱ्हाड धो धो सांडव्यातून ओढ्याच्या वाटेला लागलं. पाणी खाचराला वळसा घालून गेलं. बांध वाचला, भातही वाचलं. मासे मात्र सगळे गेले.

सगळ्यात वरची गोधडी सावळेरामनं काठीनं उचलली. मधोमध केशरी फेट्याचं ठिगळ. तो फेटा गोजरबाईच्या नवऱ्याचा, हे आख्ख्या शिनोलीला ठाऊक.

“वैनी,” तो म्हणाला, “मासा लई मोठा गावला.”

सुदर्शन चिखलात उभा राहून आईकडं बघत राहिला. गोजरबाईनं पदर सारखा केला, सावळेरामच्या काठीवरून गोधडी घेतली आणि तिचं एक टोक लेकाच्या हातात दिलं.

“पावण्यांना बदक आणलंस, माशांना जाळी केलीस, घुशींना दिवाबत्ती केलीस. आईला धुवायला एक दगड टाकला असतास, तर ही येळ आली असती का? चूक तुझी हाय. आता नीट धर आन् पीळ.”