सोन्याचे टोकाची झरणी घोडीचे मोलें घेतली त्याची हकीकत

श्रीगणरायास नमन, शारदेस नमन, आणि तिसरें नमन बोरूस, कीं ज्याचे जिवावर राज्यें चालतात आणि ज्याची आठवण कोणी ठेवीत नाहीं. शके सोळाशें नि वर कांहीं, संवत्सराचें नांव दप्तरास कसर लागल्यामुळें वाचवत नाहीं, मास फाल्गुन, वद्य द्वादशी, ते दिवशीं नदीअलीकडील राज्यांत लिहावयाची एक झरणी आली आणि तिणें अवघ्या दरबाराची मति गुंग केली. ती हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहिली आहे. उणेंअधिक वाचणारांनीं पदरांत घ्यावें.

राज्य लहान. गादीवर थोरले श्रीमंत, आणि नदीपलीकडे दोन दिवसांचे वाटेवर त्यांचे धाकटे बंधु सहा वर्षें रुसून बसले होते. रुसव्याचें मूळ एक पत्र. दरबारची रीत ऐसी कीं, पत्र चिटणिसानें लिहावें आणि धन्यानें शेवटीं स्वहस्तें "बहुत काय लिहिणें" इतकेंच लिहून शिक्का करावा. चिटणीस गिरमाजीपंत, साठी उलटलेले, अक्षर म्हणजे मोत्यांचे दाणे. सहा वर्षांमागें भावांभावांत कांहीं बोलाचाली जाहली, तेव्हां श्रीमंतांनीं पंतांस सांगितलें, "त्यास लिहा, झालें तें झालें, रागावूं नकोस." पंतांनीं सवयीप्रमाणें त्या शब्दांस दरबारी पोशाख चढविला आणि लिहिलें, "आपण बंधुत्वाचा लौकिक राखून वर्तणूक करावी, हें उभयपक्षीं हिताचें." धाकट्यांनीं वाचिलें, आणि त्यांस ही धमकी वाटली. उलट निरोप आला कीं, "दादा माझ्याशीं चिटणिसाचे तोंडें बोलतो. सगळें पत्र आपल्या हातें लिहील तेव्हां येईन." आणि श्रीमंतांचा लिहिण्याशीं उभा दावा. बोरू हातीं घेतला कीं कागद फाटावा, दौत लवंडावी, आणि धनी लाजेनें लाल व्हावेत. म्हणोन सहा वर्षें पत्र गेलें नाहीं. आतां खबर आली कीं, धाकट्यांनीं दूरदेशीं चाकरी धरिली आणि पाडव्यास मुलामाणसांसह घाट उतरून जाणार, मग पुन्हां भेट कैंची! पंतांस तें जुनें वाक्य रात्रंदिवस टोंचत होतें, कारण भांडण श्रीमंतांचें असलें तरी शब्द पंतांचे होते.

ऐशांत एक टोपीकर सौदागर दरबारीं आला आणि त्यानें मखमलीचे पेटींतून झरणी काढिली. अंग काळें कुळकुळीत, टोक सोन्याचें, शाई पोटांत. सौदागर बोलिला, "सरकार, दौत नको, बुडवणें नको. ही सांडत नाहीं, फाडत नाहीं. ज्याला लिहितां येत नाहीं, तोही लिहितो." हें ऐकतांच श्रीमंत गादीवरून पुढें सरकले. मोल विचारिलें, तर सौदागरानें डाकेची भीमथडी घोडी मागितली. सैन्य मुलूखगिरीवर गेलेलें, पागेंत घोडी तेवढी एकच उरलेली. पागेदार सुभानजी तिला पोटच्या लेकीगत वागवीत असे, तो उसळून बोलिला, "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! आन् महाराज, नाचतां येईना तर..." इतकें बोलून त्यानें जीभ चावली. श्रीमंत बोलिले, "पंत, लिहिणें तुमचें घराणें जाणतें. परीक्षा करा. किमतीची आहे कीं नाहीं, तें एका शब्दांत सांगा."

पंतांनीं झरणी हातीं घेतली आणि 'श्री' लिहिला. वर्षभर त्यांचा हात थरथरत असे, हें त्यांनीं घरींही कळों दिलें नव्हतें. तो हात आज थरथरला नाहीं. झरणीस दाबावें लागतच नव्हतें, ती आपणहून चाले. पंतांस आनंद जाहला, आणि त्या आनंदाचा राग आला. ज्या कामास चाळीस वर्षें घासलीं तें काम ही पेटींतली बया पहिल्या दिवशीं करणार असेल तर आपण काय केलें? आणि वाईट म्हणावी तर ती वाईट नव्हती. सुभानजीनें हळूच विचारिलें, "पंत, चांगली हाये न्हवं?"

"चांगली आहे."

"मंग घ्यावी म्हनतां?"

"तसें म्हणवत नाहीं."

"मंग नको?"

"तेंही म्हणवत नाहीं."

"तर मंग झरनी ऱ्हाऊं द्या, आधी तुमचं डोस्कं तपासा!" सुभानजी बोलिला. पंत गप्प राहिले, आणि श्रीमंतांनीं त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार ऐसा केला, आणि घोडी गेली. सुभानजी वेशीपर्यंत तिच्या मागें गेला आणि परत येऊन रिकाम्या ठाणापाशीं बसला, दिवसभर जेवला नाहीं.

मग श्रीमंत लिहावयास बसले. पंतांनीं मसुदा करून दिला आणि श्रीमंतांनीं तो उतरून काढिला. काय आश्चर्य सांगावें, ओळी सरळ आल्या, डाग नाहीं, फाटणें नाहीं. अर्धें पत्र जाहलें तों सौदागराची पातळ शाई संपली. दुसरे दिवशीं पंतांनीं झरणीचे पोटांत आपली घरची काजळाची, डिंक घातलेली शाई भरिली, कारण शाई ती शाई, ऐसी त्यांची समजूत. तों डिंक टोकांत बसला आणि झरणी चालेना, कागदावर नुसती कुरकुरूं लागली. आतां चाळीस वर्षांचा पंतांचा नेम ऐसा कीं, रोज सकाळीं धन्याची लेखणी हातीं द्यावयाचे आधीं तिचें टोक छाटून द्यावें. लेखणी कुरकुरली म्हणजे टोक बोथटलें, आणि बोथटलें म्हणजे छाटावें. पंतांनीं कमरेचा चाकू काढिला आणि सोन्याचें टोक बोरूसारखें तिरकें छाटिलें. कर्र असा आवाज जाहला तेव्हां ते भानावर आले. हें सवयीनें जाहलें कीं मत्सरानें, तें पंतांस उमजेना. हाताकडे पाहावें तर हात म्हणे मला ठाऊक नाहीं, मनास पुसावें तर मन दुसरीकडे पाही. इतक्यांत श्रीमंत आले आणि त्यांनीं हात पुढें केला, आणि पंतांनीं झरणी निमूट त्यांचे हातीं दिली.

मग जें जाहलें तें काय वर्णावें! टोक कागदांत रुते, शाई भसकन् पडे. श्रीमंतांनीं तीन वेळां कोऱ्या कागदावर मसुद्याप्रमाणें लिहून पाहिलें, तीन वेळां अक्षर फुटलें. त्यांस वाटलें आपलाच हात मेला करंटा. चवथे वेळेस त्यांनीं मसुदा चुरगळून फेंकला आणि कालच्या अर्ध्या पत्राखालीं मनास येईल तें लिहिलें, पत्राची घडी केली, शिक्का केला आणि पंतांस न दाखवितां बोलिले, "आजच पाठवा." तेव्हां अवघ्यांस आठवलें कीं डाकेस घोडी नाहीं. सुभानजी बोलिला, "आतां झरनीवर खोगीर घाला!" पाडव्यास तीन दिवस राहिले होते. पंत उठले, जोडे पायांत घातले आणि बोलिले, "मी जातों." श्रीमंत नको नको म्हणत राहिले आणि पंत वाटेस लागले. दोन दिवस चालतांना एकच घोर, कीं बिघडल्या पत्रानें भाऊ तुटला तर दुसरे खेपेसही तो आपल्याच हातानें तुटला.

पलीकडे जाऊन पाहतात तों गाड्या भरलेल्या, बैल जुंपलेले. धाकट्यांनीं पत्र उघडलें, वरचें वाचिलें आणि तोंड कडू केलें. "पंत, हा मजकूर तुमचा. अक्षर तेवढें दुसऱ्याकडून काढविलेंत. दादाच्या ओळी कधीं सरळ आल्या आहेत?" आणि ते घडी घालूं लागले. पंतांस इतर वेळीं शंभर शब्द सुचते, आज एकही सुचेना. ते हात जोडून इतकेंच बोलिले, "बाबासाहेब, खालचें वाचावें." खालीं ऐसें होतें:

"धाकट्या, मला लिहितां येत नाहीं, तुला ठाऊक आहे. रागावूं नकोस इतकेंच मीं तेव्हां सांगितलें होतें. पंतांनीं त्याचें काय केलें कोण जाणे. शाई सांडते आहे. तूं जाऊं नकोस. ये."

एके ठिकाणीं कागदास भोंक पडलें होतें, त्यांत धाकट्यांनीं बोट घालून पाहिलें. मग गाडीवानास बोलिले, "बैल सोड रे." आणि डोळ्यांस शेला लाविला. पंत तेथेंच धुळींत बसले आणि मोठ्यानें रडले, कारण तें रडें सहा वर्षांचें होतें.

मग भावाभावांची भेट जाहली, ती सांगावयास शब्द पुरत नाहींत. दुसरे दिवशीं श्रीमंतांनीं दरबारांत आज्ञा केली, "पंत, दप्तरीं लिहा, झरणी किमतीची ठरली." पंतांनीं बोरू उचलला आणि खालीं ठेविला, आणि बोलिले, "महाराज, टोक मीं छाटिलें. नेमानें कीं द्वेषानें, मला माहीत नाहीं. झरणी धड असती तर सगळें पत्र सुरेख उतरतें आणि बाबासाहेब निघून जाते. झरणी घेतलीच नसती तर आपण लिहावयास बसतांच ना. आतां मी काय लिहूं?" श्रीमंतांनीं टोक उजेडांत धरून पाहिलें आणि बोलिले, "म्हणजे हात आमचा वाईट नव्हता?" पंत बोलिले, "तोही होता." तेव्हां श्रीमंत इतके हंसले कीं ठसका लागला. मग विचारांत पडून बोलिले, "तर घोडी आम्हीं कशाची दिली? झरणीची कीं चाकूची?" तेव्हां धाकटे बोलिले, "दादा, ती दुरुस्त मात्र करवूं नकोस. नाहींतर पुन्हां सुरेख लिहिशील."

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. झरणी अद्याप पेटींत आहे आणि धाकटे श्रीमंत अलीकडेच राहतात. दप्तरांत त्या दिवसाचे पानावर "झरणी किमतीस" इतकें मोत्यासारखें अक्षर आहे, पुढें बोरू टेकविल्याचे तीन ठिपके आहेत, आणि बाकी पान कोरें आहे.