शिवानानांच्या आंघोळी

आमच्या किन्हवलीत भातगिरणी चालवणाऱ्या शिवानानांनी गेल्या वैशाखात एकाच दुपारी चार वेळा आंघोळ केली. उकाडा होता हे खरं, पण उकाड्यापायी कुणी दक्षिणेकडे तोंड करून, हात जोडून, धोतरासकट अंगावर बादली ओतून घेत नाही. नाना सुतकाच्या आंघोळी करत होते. वारलेली चारही माणसं परदेशातली होती, ख्रिस्ती होती, आणि नानांनी त्यांना तरुणपणी एकदाच पाहिलं होतं, तेही पडद्यावर.

मी नानांचा शेजारी. शहापूरच्या एका शाळेत मास्तर आहे. नाना आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. अंगावर कायम कोंड्याचा थर, त्यामुळे भुवया पिकल्यात की नुसत्या माखल्यात हे सांगणं कठीण. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून त्यांना हळू बोलता येत नाही. त्यांचं खाजगी बोलणंसुद्धा एसटी स्टँडवर ऐकू जातं.

त्यांचा लाडका प्रश्न एकच, “फुडं काय झालं?” डोळखांबच्या कुणाची मुलगी मुरबाडला दिली असं गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, तर पुढच्या हंगामात पोतं उतरवायच्या आधी नाना विचारणार, “त्या पोरीचं फुडं काय झालं?” विकलेल्या बैलाचं पुढं काय झालं, बदली झालेल्या कंडक्टरचं पुढं काय झालं, सगळं त्यांना हवं असतं. मी एकदा कॉपी करताना सापडलेल्या एका विद्यार्थ्याची गंमत त्यांना सांगितली, ती चांगलीच महागात पडली. नाना कित्येक वर्षं त्याची चौकशी करत राहिले. शेवटी मी त्याला मनानेच तलाठी करून टाकला, तेव्हा सुटका झाली.

हे खूळ त्यांना म्हशाच्या जत्रेत लागलं. मुरबाडकडची ही जत्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. नाना तेव्हा विशीत होते आणि धाकट्या भावाला, काशिनाथला घेऊन बैल आणायला गेले होते. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. लागायचा होता देवाधर्माचा, पण रिळांच्या पेट्यांची अदलाबदल झाली आणि पडद्यावर भलत्याच मुलखातली माणसं आली. काळं-पांढरं चित्र, भाषा कुणाला कळेना. लोकांनी आधी आरडाओरडा केला आणि मग गप्प बसून पाहिलं. बर्फात अडकलेली चार माणसं नदीकाठच्या खानावळीत होडीची वाट बघत बसलेली. एक दाढीवाला, एक करारी बाई, खानावळीचा मालक, आणि सारखा रडणारा एक माणूस. नानांनी तिथल्या तिथे त्यांची नावं ठेवली. दाढी, मोठी वैनी, शेठ आणि रडका. अखेरीस एक पोरगेला नावाडी येतो, तो बारक्या. सगळे होडीत बसतात, होडी निघते, आणि पडदा एकदम पांढरा. शेवटची पेटी आलीच नव्हती.

त्या जत्रेहून नाना आणि बैल असे दोघेच परत आले. काशिनाथ तंबूवाल्यांबरोबर खांब वाहायला म्हणून गेला, तो गेलाच. त्यानंतर त्याचा निरोप नाही की पत्ता नाही. साऱ्या तालुक्याचं पुढं काय झालं हे विचारणाऱ्या नानांना काशाबद्दल कुणी विचारलेलं मात्र चालत नाही. लगेच गिरणीचा पट्टा चढवतात आणि मग कुणाचंच काही ऐकू येत नाही.

त्या सिनेमाचं टुमणं ऐकून माझे कान इतके किटले होते, की गेल्या सुट्टीत नानांच्या वर्णनावरून मी तो मोबाइलवर शोधून काढला. बरेच दिवस लागले. त्यांना शेवट दाखवला. होडी सुखरूप पैलतीराला लागते. मला वाटलं, आता हा माणूस शांत होईल.

“लागली काठाला, बरं झालं,” नाना म्हणाले. “पन मंग या मानसांचं फुडं काय झालं?”

“नाना, ही नटमंडळी होती.”

“नट असली तरी मानसंच नं ती? बघा तुमच्या मोबाइलात.”

बघितलं. दाढी फार वर्षांपूर्वी वारला होता. मी सांगितलं आणि नाना उठले. वर्षानंतर कळलं तर सुतक नाही, नुसती आंघोळ, हा नियम त्यांना पाठ. आले निथळत आणि म्हणाले, “मोठी वैनी?” ती एका वृद्धाश्रमात वारली होती. पुन्हा बादली. शेठ दारूपायी गेला, त्याची एक. रडका पुढं म्हणे मोठा विनोदी नट झाला होता. हे ऐकून नाना खूश झाले, पण तोही गेलेला, तेव्हा चौथी.

त्यांची सून सुमन दारात येऊन उभी राहिली. “तानशाच्या धरणाचं पानी जातंय मुंबईला, आनि आमी हंडे वाहायचे ते या गोऱ्यांसाठी का, मामा? कोन लागतात ते आपले?”

“त्यांच्यासाठी रडलो व्हतो गो तंबूत. मी रडलो, काशा रडला. एक बादलीबी नको?”

काशाचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. सुमन आत गेली.

राहिला बारक्या. मी दोनदा तपासून पाहिलं. “नाना, हा जिवंत आहे. नव्वदी गाठलीय. मुलीकडे राहतो.”

“जिता हाय?” नानांनी मोबाइल हातात घेतला आणि त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. “बारक्या जिता हाय. च्या टाक गो सुमन.”

चहा झाला. नाना उठले, उरलेल्या हंड्यातून बादली भरली, न्हाणीच्या दगडाजवळ नेऊन ठेवली आणि परत माझ्यासमोर येऊन बसले. आता कुणासाठी, ते मला कळेना. दाढीपासून रडक्यापर्यंत प्रत्येकाच्या वेळी त्यांनी आधी विचारलं होतं, पाणी नंतर भरलं होतं.

“मास्तर,” ते म्हणाले. गिरणीवाल्या नानांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. “आमच्या काशाचं येतं का बघा नं.”

बारा वर्षं खबर नाही म्हटल्यावर भावकीने दर्भाचा पुतळा करून काशाला अग्नी द्यायचं ठरवलं होतं. नानांनी ते होऊ दिलं नाही. खबर नाय, तर सुतक नाय, एवढंच म्हणाले. भावकीतले काहीजण अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

“मीच बोललो व्हतो त्याला, जा. पाडव्याला ये बोललो,” नाना म्हणाले.

मी नाव, आडनाव, गाव, तालुका सगळं घातलं. त्या नावाची पुष्कळ माणसं आली. एक डॉक्टर, एक नगरसेवक, एक परदेशातला इंजिनीअर. आमचा काशा त्यांत कुठेच नव्हता. सातासमुद्रापलीकडच्या रडक्याचं सगळं मिळालं होतं, आणि म्हशाच्या जत्रेतून गेलेल्या पोराबद्दल एक ओळ नव्हती. मला त्या मोबाइलचा राग आला. नानांकडे बघवेना.

“काहीच येत नाही, नाना.”

“मेल्याची खबर नाय नं?”

“नाही.”

नानांनी ओल्या धोतराचा सोगा पिळला. न्हाणीकडे गेले, बादली उचलली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवली.

“सुमन, ह्ये पानी घे गो भांड्यांना,” ते म्हणाले. “माझी आंगोळ झालीया.”