जनूभाऊंचे सात किलो

जनूभाऊ प्रवासाला निघाले की त्यांच्या हातात काही नसतं, पण माणूस मात्र नेहमीपेक्षा दुप्पट दिसतो. कपडे ते बॅगेत भरत नाहीत, अंगावर घालतात. वर आजचा सदरा, त्याखाली उद्याचा, सगळ्यात आत परवाचा. रोज संध्याकाळी एक सदरा उतरवायचा. कंगवा एका खिशात, दात घासायचा ब्रश दुसऱ्या खिशात. पंचा गळ्यात.

मी एकदा विचारलं, "भाऊ, आतला सदरा तिसऱ्या दिवशी बाहेर येईपर्यंत घामानं भिजत नाही का?"

"तवर आपन परतीच्या वाटंला असतो, वैनी. घरी येताना कोन वास घेतंय?"

मीरा, अर्णव, तुम्ही दोघांनी तिकडून मला तो व्हिडिओ पाठवला होता ना, त्यात एक मुलगी कपड्यांच्या गुंडाळ्या करून आठवड्याचं सामान इवल्याशा बॅगेत बसवते, तो मी जनूभाऊंना दाखवला. त्यांनी मन लावून शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पन बॅग कशाला घेतली तिनं?"

जनूभाऊ मुरबाडला आमच्या दोन घरं पलीकडे राहतात. एकटे. लग्न केलं नाही. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, तीही धसई आणि म्हसा या गावांच्या गाड्यांवर. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते दोनच प्रकारे बघतात. "अंगावर असलं तर कपडा, बगलेत असलं तर लगेज." हा नियम त्यांचा स्वतःचा, खात्याच्या पुस्तकात कुठे नसावा. म्हशाच्या जत्रेहून परतणारे लोक नव्या घोंगड्या घेऊन गाडीत चढायचे. जनूभाऊ दारातच सांगायचे, "पांघरा, नायतर लगेज लागंल." मग भर दुपारी पन्नास माणसं घोंगड्या पांघरून बसलेली ती गाडी मुरबाडला यायची, आणि स्टँडवरच्या लोकांना वाटायचं, सगळ्यांना थंडीताप आलाय.

गेल्या वर्षी तुमच्या आजोबांनी ठरवलं की बंगळूरचं लालबाग उद्यान पाहायचं. विमानाची स्वस्तातली तिकिटं निघाली होती. दोन रात्री राहायचं आणि परत. मी, तुमचे आजोबा आणि त्यांचे लहानपणापासूनचे मित्र म्हणून जनूभाऊ. मी दोघांना बसवून नियम समजावून सांगितले. माणशी एकच बॅग, तीही आत नेण्याची. सात किलोच्या वर गेली तर भुर्दंड.

जनूभाऊ विचारात पडले. "माझं कपडं तर अंगावर. मग माझ्या सात किलोचं काय व्हनार?"

"काही नाही. रिकामे जाणार."

रिकामे हा शब्द मी जपून वापरायला हवा होता. एसटीच्या कंडक्टरसमोर रिकामी जागा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धसईच्या बाजारात गेले आणि भाजीवाल्यांपासून तांदळाच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगून आले की जनू कंडक्टर बंगळूरला चाललाय, कुनाचं काय पाठवायचं असंल तर सांगा. आता आपल्याकडे घरटी एक पोरगा किंवा पोरगी नोकरीसाठी बाहेर आहेच. तीन दिवसांत त्यांच्या ओसरीवर नवे तांदूळ आले, पापड आले, एकाचा विसरलेला चष्मा आला.

आजोबा चिडले. "जन्या, आपण फिरायला चाललोय. टपाल वाटायला नाही."

"तू फिर की. मी काय तुझं पाय बांधलं?"

शेवटी समोरची इंदू आली. तिची सायली लग्न होऊन बंगळूरला गेली, तिला सातवा महिना लागला होता. तिकडचं काही तोंडात धरेना, आणि इंदूला जाता येईना, कारण नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये. सायलीनं फोनवर दोनच गोष्टी मागितल्या होत्या, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि भाजलेली सुकट. इंदूनं स्टीलचा डबा जनूभाऊंच्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावला. "भाऊ, बाकीचं ऱ्हायलं तरी चालंल. येवढं पोचवा. पोर जेवत नाय."

"इंदे, माझ्या गाडीतून कधी डबा हरवलाय का गो?"

हे मात्र खरं. धसईच्या गाडीतून त्यांनी कॉलेजच्या किती पोरांचे डबे मुरबाडला आणले असतील, त्याला हिशेब नाही.

वाण्याच्या काट्यावर बॅग बरोबर सात किलो भरली. मी निश्चिंत झाले. पण निघायच्या दिवशी आम्ही मुरबाड स्टँडवर कल्याणच्या गाडीची वाट पाहत उभे राहिलो, आणि जनूभाऊंना ओळखणारं सगळं स्टँड गोळा झालं. एका बाईनं वालाची पिशवी दिली. दुसऱ्यानं सुक्या मिरच्या दिल्या, तिसऱ्यानं आणखी तांदूळ. जनूभाऊंना नाही म्हणता येईना. गाडीच्या दारात कोणी काही दिलं तर ते घ्यायचं आणि पुढच्या स्टॉपला पोचवायचं, हे त्यांच्या हातांना इतकं सवयीचं, की डोकं मध्ये पडतच नाही.

विमानतळावर काउंटरच्या मुलीनं बॅग काट्यावर ठेवली आणि मान हलवली. "अंकल, दो किलो जादा है. निकालना पडेगा, नहीं तो पैसा भरना पडेगा."

जनूभाऊंनी आधी आजोबांकडे बोट दाखवलं. "ह्यो माझ्या दीडपट हाय का नाय? त्याला पन सात किलो आन मला पन सातच? दोघांना मानसासकट काट्यावर घ्या, मंग सांगा जादा कोन ते."

मुलीला हसू आलं, पण काटा हसला नाही. मग जनूभाऊंनी तिला आपला नियम ऐकवला, अंगावर असलं तर कपडा. तीन सदऱ्यांचे सगळे खिसे वालानं भरले. मिरच्या पंच्यात बांधून कमरेला गुंडाळल्या. तरी बॅग जास्तच. इंदूचा डबा वर आला, झाकण किंचित हललं आणि सुकटीचा वास आमच्या मागच्या रांगेपर्यंत गेला.

"ये छोड दो ना, अंकल," मुलगी नाक न मुरडता म्हणाली. चांगल्या घरची होती.

जनूभाऊंनी डबा छातीशी धरला. डबा राहिला तर इंदूला काय तोंड दाखवायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात तुमच्या आजोबांनी आपली बॅग उघडली. बंगळूरच्या थंडीसाठी घेतलेला एक स्वेटर काढून घातला, त्यावर दुसरा घातला, त्यावर कोट. ऐन मे महिन्यात. मग म्हणाले, "आण तो डबा इकडं." बॅगेत डबा बसला, पण तांदूळ अजून शिल्लकच होते. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, माझ्या वर्गात कधी कुणाची वेणी वाकडी नसे. ती मी, विमानतळाच्या बाथरूममध्ये साडीवर साडी नेसून बाहेर आले. माझ्या बॅगेत तांदूळ गेले. काटा मानला. तपासणीच्या दारात बायकांच्या रांगेतली पोलीस मला तपासता तपासता थकली. "आजी, आणखी किती?" म्हणाली.

विमानात जनूभाऊ बसेनात. सीटांमधल्या वाटेत बॅगा वर चढवत उभ्या असलेल्या लोकांना ते "चला, मागं सरका, मागं जागा हाय" असं सांगत राहिले. मराठी न येणारे लोकही सरकले. हवाई सुंदरीनं त्यांचे आभार मानले. त्यांनी सवयीनं वर हात नेला, पण घंटेची दोरी कुठेच नव्हती.

बंगळूरला उतरल्यावर आम्ही आधी सायलीकडे गेलो. दार तिनंच उघडलं. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. डब्याचं झाकण काढलं आणि तिथंच उभ्याउभ्या चटणीत बोट बुडवून खाल्लं. मग खाली बसली आणि भात मागितला. तिचा नवरा धावत आत गेला. जनूभाऊ भिंतीकडे बघत राहिले, जणू कॅलेंडर वाचत होते. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं.

त्या दोन दिवसांत आम्ही दोघांनी लालबाग पाहिलं, आणि जनूभाऊंनी बंगळूरचे जिने. पापड एका टोकाला, चष्मा दुसऱ्या टोकाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते हॉटेलच्या पायरीवर बसले होते, अंगात एकच सदरा उरलेला. मला जरा राग आला होता. म्हटलं, "भाऊ, एवढे पैसे घालून आलात आणि एक झाडसुद्धा पाहिलं नाहीत."

"झाडं काय, मुरबाडात हायत." त्यांनी पायरीवर सरकून मला जागा केली. "वैनी, मी आपला हात हलवत गेलो असतो, सहज आलो म्हनून, तर कोनी घरात घेतलं असतं का? हातात कुनाच्या तरी आईचा डबा असला ना, की दार पुरं उघडतं. या म्हनतात, बसा म्हनतात. पानी आनतात. गावाकडं कसं काय, ईचारतात." सदऱ्याच्या खिशात राहिलेला वालाचा एक दाणा काढून ते तो बोटांत फिरवत राहिले. "डूटी सुटल्यापास्नं असं कोनी बसवून ईचारलं नव्हतं."

मी शेजारी बसले. कुणाकुणाच्या घरी काय काय झालं ते विचारलं. त्यांनी प्रत्येक घराचं सांगितलं, कोणी चहा दिला, कोणाचं बाळ मांडीवर आलं, कोणी जेवूनच जा म्हणून हट्ट धरला. आजोबा बोलवायला आले आणि तेही बसले.

मुलांनो, परवा जनूभाऊ पासपोर्टचे फोटो काढून आलेत. माझ्याकडून तुमचा पत्ता घेतला. तिकडं बर्फ किती पडतो, बघण्यासारखं काय आहे, यातलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "दार कोन उघडतं?" मी सांगितलं, मीरा उघडते, अर्णव मागून येतो.

ते आले तर हातात डबा असेल. तो नंतर घ्या. आधी त्यांना बसवा आणि मुरबाडला कसं काय, ते विचारा.