खटक्याचं इंग्रजी

कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या एका आरोग्य केंद्रात लसीच्या फ्रीजच्या दाराचा खटका तुटला, ही बाब प्रथमदर्शनी किरकोळ होती. दार लागत नव्हतं, एवढंच. बेबीनंदा सिस्टरनी दाराला स्टूल टेकवलं आणि दुरुस्तीची मागणी नोंदवायला बसल्या. बुधवारी बत्तीस लेकरं डोसाला येणार होती. तोवर गारवा टिकायला हवा होता.

मागणी ऑनलाइन, आणि इंग्रजीतच करायची होती. खटक्याला इंग्रजीत काय म्हणतात हे डॉक्टरांनाही सांगता येईना; शरीरातलं काहीही विचारा, म्हणाले. शेवटी सिस्टरनी जालन्यात शिकणाऱ्या लेकीला, प्रियाला, फोन लावला. नाव आठवलं नाही की इंग्रजीत ‘थिंगी’ म्हणतात, सगळेच म्हणतात, असं तिने सांगितलं. सिस्टरनी तेच लिहिलं.

जिल्ह्याच्या दुरुस्ती व सुसूत्रता कक्षाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एवढी तत्परता बघून केंद्रातले सगळे चपापले. ‘सदर शब्द अनौपचारिक असून लेखी इंग्रजीस शोभणारा नाही. अर्ज परत.’ सिस्टरनी खटक्याचा फोटो जोडला. शेरा आला, फोटो हा शब्द नव्हे. या लिखापढीत बुधवार उजाडला. स्टुलाने गारवा टिकला नव्हता; तापलेल्या लसी नियमानुसार नष्ट झाल्या, बत्तीस आया लेकरं कडेवर घेऊन परत गेल्या. नष्ट केल्याची नोंद मात्र बिनचूक झाली.

प्रश्न तत्त्वाचा असल्याने कक्षाने दोन प्राध्यापकांची समिती नेमली. एक म्हणाले, शब्द कोशात आहे. दुसरे म्हणाले, कोशात शिव्याही आहेत. अकरा आठवड्यांनी अहवाल आला: शब्द बोलण्यात चालेल, लिहिण्यात नाही, सबब अर्जदाराने समक्ष येऊन बोलावे.

अंबडला एसटी बदलून सिस्टर जालन्याला गेल्या. कक्षातले लिपिक रामप्रसाद यांच्यासमोर उभं राहून त्या स्पष्ट म्हणाल्या, “थिंगी तुटली.”

“बराबर बोललात सिस्टर. आता हेच लेखी द्या.”

“लेखी चालत न्हाई म्हणून तर आले ना, भाऊ. तीन म्हैने झाले, लेकरं वापस जाऊन राह्यलीत.”

रामप्रसाद विरघळले. “मंग तुम्ही कशाला लिहिता? आम्हीच लेखी देतो.” त्यांनी छापील पत्र काढलं आणि शिक्का मारला.

पत्र ग्रामसभेत वाचलं गेलं. ‘उपरोक्त विषयी संबंधितांकडून यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ सभा सुखावली. पुंजाराम आजोबांच्या नातीचा डोस अजून बाकीच होता, पण टाळी त्यांनीच आधी वाजवली. मागे बसलेल्या द्वारकाबाईंनी तेवढं विचारलं, “योग्य ती म्हंजे कोणती?”

“मावशी, सरकारी कागदाय तो,” सरपंच म्हणाले. “त्यात काय किडे काढता?”

सभेने अभिनंदनाचा ठराव केला.

घरी आल्यावर सिस्टरनी पत्र पुन्हा वाचलं. कोण, कधी, काय, यातलं एकही त्यात नव्हतं. भाषा मात्र निर्दोष होती. तुम्हीही ते एका दमात वाचून पुढे आलात. अडखळला असालच, तर थिंगीपाशी.