खोकला कुठं गेला?

हेडाऊकाका आवाज ऐकण्याआधी चष्मा काढून ठेवायचे. "डोये उघडे असले का कान सुस्त होते," म्हणायचे. मग हेडफोन लावून, मान खाली घालून अशी समाधी लावायचे की अर्धं ऑफिस तोंडावर हात ठेवून हसायचं. मीही हसायचे. आता सांगायची लाज वाटते, पण हसायचे.

काका फौजेतले सिग्नलवाले. सीमेपलीकडचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं, लिहून घ्यायचं, वर पाठवायचं, यात त्यांची बावीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर नंदनवन कॉलनीत घर बांधून बसले होते, तर आमच्या कंपनीनं त्यांना सल्लागार म्हणून धरून आणलं. ते ऐकायचं काम सोपं करणारं सॉफ्टवेअर आम्ही फौजेसाठी बनवत होतो. पडद्यावर कुठलं बटण कुठे, हे ठरवणारी मी. फौजेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण 'युजर फ्रेंडली' हा शब्द दिवसातून चाळीस वेळा म्हणता यायचा.

आमचा सगळा डौल एका हिरव्या बटणात होता. ते दाबलं की खरखर, वारा, सगळं पुसलं जाऊन माणसाचा आवाज कोरा करकरीत. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी हेडफोन काढला.

"मॅडम, खोकला कुठं गेला?"

"कुठला खोकला?"

"हा गडी बोलाच्या आंधी खोकलते. तुमच्या मशीननं पुसला. आता मी कसा ओयखू, हा कालचाच आहे का दुसरा?"

आमच्या साहेबांनी सांगितलं, तो कचरा होता. काका तडकलेच. "कचरा? ते लोकं नाव बदलवते, जागा बदलवते. खोकला कोन बदलवन? पोह्यावरची तर्री काढून टाकता, अन् म्हनता पोहे साफ केले!"

तेव्हापासून ऑफिसात कोणाचा डबा सापडेना झाला, तरी पोरं ओरडायची, "खोकला कुठं गेला?" काकाही हसायचे. एकदा चहा पिताना मला म्हणाले, पलीकडच्या एका दमेकऱ्याला त्यांनी सहा वर्षं ऐकलं होतं. एका थंडीत तो आठ दिवस गप्प झाला, तर यांना जेवण जाईना. "दुश्मनच होता, पन खोकलला तवा बरं वाटलं बाप्पा. कोनाले सांगू नोका."

त्यांची मागणी एकच होती. मूळ आवाज कधी पुसायचा नाही, आणि त्याचं बटण पहिल्या पानावर ठेवायचं. मी ठेवलंही होतं. साहेब म्हणाले, पान भरलेलं दिसतं, आणि मूळ आवाज साठवायला जागा फार लागते. काका बरोबर आहेत हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी अहवालात लिहिलं, 'बहुतेकांना मूळ आवाजाची गरज वाटत नाही.' हे बहुतेक म्हणजे मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचे दोघं. आमच्यापैकी कोणी रेडिओला हातसुद्धा लावला नव्हता. बटण गेलं, मूळ आवाज ठेवणं गेलं आणि महिन्याभरात सल्लागारही गेला. मला मात्र बढती मिळाली.

पुढे एका कागदावर काकांची सही राहिली म्हणून साहेबांनी मलाच नंदनवनात पाठवलं. काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. काकांनी पाणी दिलं, मग मोबाईल पुढे केला.

"हिचा शेवटचा निरोप होता याच्यात. पुन्याच्या पोरानं साफ करून देला. आयक वं पोरी."

मॅडमची मी पहिल्यांदाच पोरी झाले होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला. फोनमधून काकू बोलल्या, "येतानी सांबाराची जुडी आनजा. अन् उनात फिरू नोका." आवाज सुंदर होता. कोरा करकरीत.

"ही बोलाच्या आंधी खोकले," काका म्हणाले. "त्याच्यावरून समजे मले, रागात आहे का थकली आहे."

"साफ करायच्या आधीचा निरोप आहे का?"

"पोरानं पुसला, फोनात जागा नोयती म्हनून. बिचाऱ्यानं मायेनंच केलं." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमच्या मशीननं येते का वापस? खोकला कुठं गेला वं?"

मी पर्समधून कागद काढला. "नाही येत, काका."

"हाव," ते म्हणाले. चष्मा न लावताच त्यांनी मी बोट ठेवलं तिथे सही केली. कागदावर लिहिलं होतं, 'हे सॉफ्टवेअर माझ्या सल्ल्यानुसार बनवले आहे.' मी तो त्यांना वाचून दाखवला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.