बियरची तार बघणारे तात्या

बियरचा ग्लास समोर आला की माणूस काय करतो? पितो. आमचे बबनतात्या त्यात बोट बुडवतात. बुडवलेलं बोट अंगठ्याला लावतात, डोळ्यांसमोर धरतात आणि दोन्ही हळूहळू लांब नेतात. सुईत दोरा ओवताना शिंप्याचा होतो ना, तसला चेहरा. शेजारची टेबलं गप्प. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा काहीतरी मंतरतोय.

मग तात्या निकाल देतात, "तार न्हाय. प्या!"

घरी पाक करताना बायका बघतात, एकतारी झाला का दोनतारी, तीच ही तार. तात्या साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून ज्या अवाढव्य भांड्यात त्याची साखर होते, त्या भांड्याचे राजे. जन्मभर त्यांनी उकळता पाक काचेच्या पट्टीवर घेतला, दिव्यासमोर धरला आणि 'दाणा धरला' का नाही ते सांगितलं. रिटायर झाले, पण पट्टी खिशातच राहिली, चष्म्याच्या घराशेजारी. बोटावर भागलं नाही की बियरचा थेंब पट्टीवर जातो आणि पट्टी उन्हाकडं रोखली जाते.

दाणा तर जगात सगळीकडंच धरावा लागतो. कुणाची सोयरीक मोडली, "दाणा धरला न्हाय." पंचायतीत पॅनल फुटलं, "घाई केली, दाणा धरायच्या आदीच उतरावलं." माझ्याकडं बघून तर दर रविवारी, "ह्येचा पाक नुसता आटतोय, दाणा काय धरंना." मी सत्तावीस वर्षांचा, लोणी देवकरच्या एमआयडीसीत पॅकिंगला सुपरवायझर, आणि लग्नाचा पत्ता नाही. म्हणून मी पण सोडत नाही. तात्यांची नक्कल मी अशी करतो की एकदा त्यांनीच मागून येऊन विचारलं, "कोण रं हा म्हातारा? लई शाना दिसतोय."

आमचं टेबल बारामती-इंदापूर रोडला, निमगाव केतकीच्या अलीकडं, शिवाशेठच्या परमिट रूमच्या मागं, लिंबाखाली. रविवारी दुपारी एक ते चार. चौघं आम्ही. तात्या सणसरवरून लुनावर यायचे. भाऊसाहेब म्हणजे डाळिंबाचे बागायतदार, माणूस ऐटीत, शर्ट कायम पांढरा. तिसरे मास्तर, झेडपीच्या शाळेतले. आणि चौथा मी. तात्या तेव्हा आमच्यात बसून नुसता सोडा प्यायचे. स्ट्राँग बियरमध्ये बोट घालायचे, "तार हाय," म्हणायचे आणि सोडा मागवायचे.

आणि मग आली काळी बियर!

भाऊसाहेब डाळिंब घेऊन पुण्याला गेले होते. जावयानं परतताना थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून डबे दिले. दोन जातींचे. एक ड्राय स्टाऊट, एक ब्लॅक लागर. दोन्ही काळ्या कुळकुळीत. शिवाशेठनं ग्लासात ओतलं आणि आम्ही चौघं खुर्चीतून अर्धे उठलो. स्टाऊटवर हा असा साईचा थर! मास्तर म्हणाले, "आयला, म्हशीच्या धारंवाणी फेस आलाय की."

मी एक घोट घेतला. काय सांगू! कोरी कॉफी, त्यात तव्याच्या बुडाची करपलेली भाकरी, आणि घोट गेल्यावर जीभ एकदम कोरडी, झाडून काढल्यासारखी. लागर मात्र सरळ. दिसायला तेवढीच काळी, पण पाण्यासारखी हलकी, आणि शेवटी जरा खरपूस गोडी. भाजलेल्या शेंगदाण्याची असते तेवढी.

"ही बियर!" भाऊसाहेबांनी लागरचा ग्लास टेबलावर आपटला. "म्हैस काळी, पर दूध ग्वाड. ती दुसरी काय? इस्तव इझवलेलं पानी."

मास्तरांनी दोन्ही चाखल्या, डोळे मिटले. "स्टाऊट म्हंजी शाईची दौत सांडली तवा चुकून बोट चाटलं व्हतं, तीच चव. आन लागर म्हंजी तीच दौत धुतल्यावरचं पानी. आपलं मत दोन्हीकडं."

तात्यांनी लागरमध्ये बोट बुडवलं, ताणलं, पट्टीवर थेंब घेतला, उन्हाकडं धरला. "अर्दी तार हाय," म्हणाले आणि ग्लास भाऊसाहेबांकडं सरकवला.

"आवं तात्या, बियरला कसली तार?"

"रंग कावळ्याचा आन गळा कोकिळंचा. फसवणूक हाय ही."

मग स्टाऊट. बोट, अंगठा, पट्टी, ऊन. परत बोट. आम्ही श्वास धरलेला. तात्यांचा चेहरा असा उजळला, जणू कारखान्याचं पहिलं पांढरंशुभ्र पोतं समोर पडलंय.

"तार न्हाय! अजाबात न्हाय! वड रं शिवा दुसरा डबा!"

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा तात्यांना सोडा सोडून काही पिताना बघितलं. एकच ग्लास, पण अडीच तास पुरवला. मिशीला फेस, आणि तोंडाचा पट्टा चालू. "ह्याला म्हंत्यात खरी वस्तू! अख्ख्या तालुक्यात बगावं तिकडं गोडच गोड. ऊस गोड, केळी गोड, पुढारी बोलाय लागला की त्यो बी गोड. ह्ये एकच पाणी हाय जे त्वांडावर खरं बोलतंय!"

पुढचे दोन महिने आमच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. भाऊसाहेब लागरवाले, तात्या ष्टाऊटवाले. फोनवर सुद्धा भांडण. जावयाचे डबे संपत आले तसं आम्ही शिवाशेठच्या मागं लागलो, तूच मागव. शिवाशेठ म्हणाला, "फ्रीजमदी एकच कप्पा मोकळा करू शकतो. बाकी समदी स्ट्राँग खपती. ष्टाऊट नायतर लागर, एक काय ते ठरवा."

तात्या तिथल्या तिथं म्हणाले, "लागर ठिवली तर माजी खुर्ची उचला. परत सोडा पीत तुमची त्वांडं बगायला म्या येनार न्हाय."

आम्ही हसलो. तात्या हसले नाहीत.

ठरवायचं कसं? मास्तरांचे डोळे चमकले. मास्तरांनी इतक्या निवडणुकांची ड्युटी केलीय की दोन माणसं एका जागी दिसली तरी ते रांग लावतात. पुढच्या रविवारी त्यांनी चिठ्ठ्या आणल्या, शेंगदाण्याच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून मतपेटी केली, आणि शिवाशेठला ती उपडी करून दाखवली, "रिकामी हाय, बगून घ्या." टेबलापासून पाच पावलांवर चपलेनं रेघ मारली. हिच्या आत प्रचार बंद. मास्तर स्वतः मतदान करणार नाहीत, ते अधिकारी.

म्हणजे मतं तीन. तात्यांचं स्टाऊटला, भाऊसाहेबांचं लागरला. राहिलो मी!

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मताला किंमत आली. भाऊसाहेबांनी रेघेबाहेर नेऊन मला चिकन फ्राय खाऊ घातली. तात्यांनी नुसतं खांद्यावर हात ठेवला. "बग बाबा," म्हणाले, "तुला पटंल तसं."

आता खरं सांगतो. मला स्टाऊट जास्त आवडली होती. पण चिठ्ठी हातात आल्यावर माझ्या अंगात खोडी आली. म्हटलं, तात्यांना जरा पेटवू. चांगले चिडतील, शिव्या देतील, आणि मला पुढं महिनाभर नकलेला माल मिळेल. लिहिलं, लागर.

मास्तरांनी चिठ्ठ्या मोजल्या, घसा साफ केला. "लागर दोन, ष्टाऊट एक." भाऊसाहेबांनी शिट्टी मारली. मी तात्यांकडं बघत होतो, आता फुटतात, मग फुटतात. तात्यांनी सोड्याचा ग्लास संपवला, चष्मा घरात ठेवला, पट्टी खिशात ठेवली.

"बेस," म्हणाले. लुना चालू केली आणि गेले.

पुढच्या रविवारी तात्या आले नाहीत. म्हटलं, रुसलेत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. फ्रीजमध्ये लागरचा बॉक्स आला होता, भाऊसाहेबांनी दोन बाटल्या फोडल्या आणि तिसरी तशीच ठेवली. "काय मजा न्हाय राव," म्हणाले. "कुणी वाद घालाया नगं का?" मास्तर म्हणाले, "म्हाताऱ्याला फोन लाव." मी लावला. उचलला नाही.

मग शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर मी गाडी काढली आणि थेट सणसर गाठलं. तात्यांचं घर रस्त्यालाच. तात्या गिरणीत दळण आणायला गेले होते. काकूंनी पायरीवरच ओळखलं. "तूच का त्यो, ह्येंची नक्कल करनारा? बस. च्या टाकते."

चहा आला. घोटभर प्यालो आणि टाळू चिकटली. त्यात साखर अशी होती की चमचा उभा राहावा.

"पाव्हन्यालाच घालाया मिळती बग," काकू म्हणाल्या. "कारखान्याची साखर येती दिवाळीला, ती समदी आळीत वाटत्यात ह्ये. मला साखरंचा आजार. बारा वरीस झाली."

"आन तात्यांना?"

"त्येंना काय झालंय? दगडावानी हायत." काकू चौकटीला टेकल्या. "आमच्या लग्नात ह्या मानसानं इतक्या जिलेब्या खाल्ल्या की वाढप्यानं परात खाली ठिवून हात जोडलं. ड्युटीवरनं आलं की खिशात गुळाचा खडा असायचा. डाक्टरनं माजं बंद केलं, त्या दिवसापास्नं ह्येंनी बी तोंडाला लावलं न्हाय. म्या इचारलं. तर म्हनं, पॅनवर जलमभर चाखून चाखून वीट आला."

मी कप खाली ठेवला.

"त्ये काळं पानी आनलं व्हतं एकदा घरी," त्या हसल्या. "मला बी घोटभर दिलं. जळक्या पिठल्यावानी लागतंय बाई. पर तुमच्यात बसून प्यायला एक तरी वस्तू गावली म्हनून लई खुश व्हते. गोड न्हाय ना, म्हनून."

बोट बुडवणारे, उन्हाकडं पट्टी धरणारे तात्या डोळ्यांपुढं आले, आणि नक्कल काही सुचेना.

"त्येंना सांगू नगं हां," काकू म्हणाल्या. "त्येंना वाटतंय मला वीट आल्याचंच खरं वाटतंय. ऱ्हाऊ दे."

मी अंगणात आलो, शिवाशेठला फोन लावला. "शेठ, माझं मत बदललं. कप्पा स्टाऊटला द्या."

"आरं येड्या, लागरचा बॉक्स आलाय की!"

"आमी संपवतो चार रविवारांत. भाऊसाहेबांना मी बघतो."

तेवढ्यात फोनमध्ये शेठच्या मागून मास्तरांचा आवाज. शनिवारची शाळा सुटून ते तिथंच बसले होते. "फेरमतदान घ्यावं लागंल!"

"घ्या की मास्तर! डबा घेऊन या!"

फोन खिशात टाकला तोच लुना आली. पुढं दळणाचा डबा. मला बघून तात्यांनी भुवया चढवल्या. "काय रं? हितं कसा?"

"तात्या, उद्या या. शेठ कप्प्यात ष्टाऊट ठेवतोय. लागर खपंना."

तात्यांनी डबा खाली ठेवला. कपाळावरचा घाम पुसला. आणि मग काय विचारता! "म्या सांगत न्हवतो? म्या पयल्या दिवशी सांगितलं! भाऊसाहेबाला दर्दी समजत व्हतो म्या! आगं ये, ऐकलंस का? लागर खपंना!"

"ऐकलं," आतून काकू म्हणाल्या. "आदी च्या घ्या."

काकूंनी दोन कप आणले, एक तात्यांना, एक स्वतःला. दोन्ही बिनसाखरेचे. त्या माझा कप उचलायला वाकल्या तेवढ्यात तात्यांनी डोळे घट्ट मिटले, काढा प्यावा तसा आख्खा चहा एका दमात घशात ओतला आणि शहारले. काकू वळल्या.

"झकास झालाय," तात्या म्हणाले. "हाय का आजून?"