कोठडी उघडणारा माणूस

“पोलीसच कोठडीत अडकला, तर त्याला बाहेर कोण काढतं?”

तीरिलने दोन्ही हातांत माईक धरून हा प्रश्न विचारला आणि स्कार्विक शाळेचं अख्खं सभागृह फिस्सकन हसलं. प्रश्न विचारायची पैज मारेन आणि हेड्डा या तिच्या मैत्रिणींची होती. मधल्या सुट्टीत तपकिरी चीज लावलेला पाव चघळत त्या दोघींनी “तू नाही विचारणार, बघ” असं इतक्या थंडपणे म्हटलं होतं, की विचारल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत तीरिल हजेरी देतानासुद्धा लाल व्हायची. पण या हिवाळ्यात तिने वादविवादात जिल्ह्याचं बक्षीस मारलं आणि तेव्हापासून माईक दिसला की तिचे हात शिवशिवायला लागले होते.

मंचावर खासदार आस्लाउग ब्रेके बसल्या होत्या. पोलिसांना किती अधिकार द्यायचे, गुन्हेगारांना किती वर्षं आत टाकायचं आणि देशात आश्रय मागायला आलेल्या लोकांचं काय करायचं, हे सगळं एकाच विधेयकात कोंबलेलं होतं आणि गुरुवारी संसदेत त्यावर चर्चा होती. तरुण पिढीला काय वाटतं हे ऐकायला बाई ओस्लोहून आल्या होत्या. आतापर्यंत तरुण पिढीला फक्त झोप येत होती.

आस्लाउगबाईंचा चेहरा उजळला. असं खरंच कुठे घडलंय का, त्यांनी विचारलं.

इथे तीरिलने “नाही, सहज विचारलं” म्हणून खाली बसायला हवं होतं. कारण घडलं होतं, आणि ते तिच्याच घरात घडलं होतं. तिचे बाबा, टोर्गेर, स्कार्विकचे एकुलते एक पोलीस. बाकीचे सगळे सुधारणेच्या नावाखाली शहरात हलवले गेले होते. गावात एवढी शांतता की कोठडीत माणूस टाकायची वेळच येत नसे. म्हणून शाळेच्या बँडपथकाने आपल्या जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी गोळा केलेलं सामान तिथे ठेवायची परवानगी मागितली, आणि टोर्गेरने ती आनंदाने दिली. जुन्या स्की, कॉफीची यंत्रं, दिव्यांच्या छत्र्या. एका शनिवारी तो एक भलामोठा पितळी भोंगा आत सरकवायला गेला, भोंग्याचा धक्का दाराला लागला आणि दार बाहेरून खट्‌कन बंद झालं. ते आतून उघडत नाही, हे टोर्गेरइतकं गावात कुणाला ठाऊक होतं?

नशिबाने खिशात फोन होता. त्याने बायकोला बोलावलं. गुन्वोर आली, घरात फडताळामागे टांगलेली जादा किल्ली घेऊन आली, आणि नवऱ्याला सोडवलं. आता पोलीस ठाण्याची किल्ली घरात टांगणं हा नियमभंग. ती बायकोने वापरणं, हा त्याहून मोठा. शहरातल्या साहेबांना स्कार्विकची चौकी बंद करायला निमित्त हवंच होतं. त्यामुळे ही गोष्ट या स्वयंपाकघराबाहेर जाणार नाही, अशी तिघांनी शपथ घेतली होती. मारेन आणि हेड्डाला सांगणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे, असं तीरिलचं मत होतं.

“माझ्या ओळखीच्या एका पोलिसाच्या बाबतीत झालंय,” तीरिल माईकमध्ये म्हणाली.

“अरे वा. मग सोडवलं कुणी त्याला?”

आईचं नाव घेणं शक्य नव्हतं. शिवाय ‘बायकोने’ म्हटलं तर कुणी हसणारही नव्हतं. सगळी शाळा तिच्याकडे बघत होती, आणि मागून हेड्डा बोटाने बरगडीत ढोसत होती.

“तिथे एक आश्रय मागणारा माणूस आला होता. त्यांना दर आठवड्याला ठाण्यात सही करायला यावं लागतं ना, तसा. काउंटरवर कुणी नाही, आतून हाका ऐकू येतायत. मग तो आत गेला आणि त्याने किल्ली शोधून दार उघडलं.”

“आणि तो काय म्हणाला?”

“उघडायच्या आधी त्याने झडपेतून विचारलं, ‘तुम्ही अर्ज कधी केला होता?’”

सभागृह कोसळलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. आस्लाउगबाईंनी पर्समधून पेन काढलं, तेव्हा तीरिलला आपण भाषणाच्या इतिहासात जागा पटकावल्यासारखं वाटलं.

गुरुवारी समाजशास्त्राच्या तासाला त्यांनी वर्गातच संसदेची चर्चा लावली. आस्लाउगबाई उभ्या राहिल्या. “अध्यक्ष महोदय,” त्यांनी सुरुवात केली, “परवाच मला किनाऱ्यावरच्या एका गावात एक शाळकरी मुलगी भेटली.” मारेनने किंकाळी दाबली. बाईंनी गोष्ट इतक्या रंगात आणून सांगितली, की तीरिललाच क्षणभर तो माणूस काउंटरपाशी उभा दिसला. त्यांच्या मते यातून दोन गोष्टी सिद्ध होत होत्या: पोलीस दलात माणसं फार कमी उरली आहेत, आणि ज्यांना आपण हाकलायला निघालोय तेच आपल्याला सोडवतायत.

तेवढ्यात विरोधी बाकांवरून फ्रिट्यॉफ मूएन एका मिनिटाच्या उत्तरासाठी उठले. आवाज असा, की समोर दरी असावी. परक्या देशातला माणूस आपल्या पोलीस ठाण्याच्या किल्ल्यांपर्यंत पोचतोच कसा, हा त्यांचा सवाल होता. त्यांना चौकशी हवी होती. कुणीतरी म्हणालं, या माणसाला ताबडतोब नागरिकत्व द्या. कुणी म्हणालं, ताबडतोब विमानात बसवा. न्यायमंत्र्यांनी गंभीर दखल घेतली. शिक्षा, तुरुंग, पोलिसांची हत्यारं, सगळं बाजूला राहिलं, आणि नॉर्वेची संसद दुपारपर्यंत अशा एका माणसाच्या भवितव्यावर भांडत राहिली, ज्याचा जन्म शाळेच्या सभागृहात, हेड्डाच्या बोटामुळे झाला होता. शेवटी त्या माणसाची माहिती मिळेपर्यंत मतदान पुढच्या आठवड्यावर ढकलण्यात आलं.

वर्गाने बाकं बडवली. तीरिलही हसली, पण तिचे कान तापले होते.

माहिती मिळवणं अवघड नव्हतं. बाई कोणत्या शाळेत गेल्या होत्या हे त्यांनी स्वतःच फोटोसकट जाहीर केलं होतं. स्कार्विकमध्ये ठाणं एक, पोलीस एक, आणि दर आठवड्याला सहीला येणारा माणूसही एकच, वोर्कु. इथिओपियातून आलेला, उंच, हळू बोलणारा. बंदरावरच्या जुन्या हॉटेलात आश्रय मागणाऱ्यांचं केंद्र होतं, तिथे तो राहायचा. त्याचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता आणि अपिलाची सुनावणी सोमवारवर आली होती.

शनिवारी सकाळी गावातल्या महिला मंडळाने त्याला वॉफल आणि हातमोजे नेऊन दिले. त्याने सांगितलं की आपण कुणालाही सोडवलेलं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. किती नम्र माणूस, त्या म्हणाल्या, आणि दुपारी आणखी हातमोजे घेऊन आल्या. संध्याकाळी शहरातून दोन तपास अधिकारी आले. त्यांनाही त्याने तेच सांगितलं. त्यांनीही एकमेकांकडे पाहिलं, आणि ‘आरोप नाकारतो’ असं नोंदवून घेतलं.

इकडे टोर्गेरला साहेबांचा फोन आला. तू कोठडीत अडकला होतास का? टोर्गेरला खोटं बोलता येत नाही. तो हो म्हणाला. कुणी काढलं? टोर्गेरला खरंही बोलता येईना. बराच वेळ फोनमध्ये श्वास सोडून तो म्हणाला, “जवळपास होतं कुणीतरी.” साहेब समजायचं ते समजले. फोन ठेवल्यावर टोर्गेर तिथेच उभा राहून फडताळाकडे बघत राहिला.

“‘कुणीतरी’?” गुन्वोर म्हणाली. “वीस वर्षं संसार केला मी तुझ्याशी.”

“मग काय सांगू? चौकी बंद करून टाकतील.”

तीरिल बटाटे सोलत होती. तिने एका बटाट्याचं इतकं साल काढलं की बटाटाच उरला नाही.

तिने काही केलं नाही असं नव्हे. तिने आस्लाउगबाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, की तो माणूस नाहीच, मी रचला. मग बाई फार प्रेमाने बोलल्या. तुझ्यावर दबाव येतोय हे मला समजतं, म्हणाल्या. कुणी धमकावलं का, म्हणून विचारलं. तीरिलने पुन्हा सांगितलं, शब्द सुटे करून. तेव्हा बाईंनी उसासा टाकला.

“हे बघ, तीरिल. अगदी हाच नसेल. पण असा कुणीतरी असेलच ना कुठेतरी? आणि आता तो संसदेच्या कामकाजात गेलाय. तिथून माणूस काढणं सोपं नसतं.”

हरलेल्या तीरिलने मूएन यांच्या कार्यालयात फोन केला. निदान त्यांना तरी हे ऐकून आनंद होईल, असं तिला वाटलं. तिथल्या तरुणाने नम्रपणे सांगितलं की साहेबांचं मंगळवारचं पूर्ण भाषण त्या माणसावर आहे आणि आता तो नसून चालणार नाही.

रविवारी वाचनालयात गप्पांचा वर्ग असायचा. भाषा शिकणारी माणसं आणि गावातले लोक कॉफी पीत बोलत बसायचे. तीरिल कधी जायची नाही. त्या दिवशी ती गेली, कारण घरात बसवेना. वोर्कु खिडकीपाशी होता आणि त्याच्यासमोर टेबलावर हातमोज्यांचा ढीग होता, निळे, लाल, रेनडियर विणलेले. तो एकेक जोडी नीट घडी करून ठेवत होता.

ती समोर बसली. काय बोलायचं ते तिने येताना तीनदा घोकलं होतं, वादविवादासारखं, मुद्द्यांसकट. तोंडातून मात्र एवढंच आलं, “ती शाळेतली मुलगी मी आहे. मी खोटं सांगितलं.”

त्याने वर पाहिलं. राग यायची तिने तयारी ठेवली होती. तो रागावला नाही. त्याने नीट समजून घ्यावं तसं विचारलं, “तू उभी राहिलीस आणि गोष्ट सांगितलीस?”

“हो.”

“आणि त्यांनी खरी मानली?”

“हो.”

“कागद नाही मागितला? तारीख नाही विचारली? पुन्हा पहिल्यापासून सांग, असं नाही म्हणाले?”

तीरिलने नकारार्थी मान हलवली. तिला खाली बघावंसं वाटलं, पण खाली हातमोजे होते.

वोर्कुने हातातली जोडी ढिगावर ठेवली. मग म्हणाला, “मी दोन वर्षं खरं सांगतोय. दरवेळी विचारतात, मागच्या वेळी दार डावीकडे म्हणाला होतास, आज उजवीकडे कसं? आता मी म्हणतो, मी कुणाला सोडवलं नाही. तेही खरं. तेही मानत नाहीत.” त्याने एक हातमोजा तिच्याकडे सरकवला, जणू तो बोलण्याचाच भाग होता. “उद्या मला परत सांगायचंय. तू कसं सांगतेस? मला शिकवशील?”

तो थट्टा करत नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं. तीरिलला बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांनी तिच्या आवाजातल्या आत्मविश्वासाचं कौतुक केलं होतं. ते वाक्य आता आठवलं आणि तिला वाटलं, या टेबलाखाली एखादं दार असतं, तर ते बाहेरून बंद करायला लावून ती आत बसली असती. ती काहीतरी पुटपुटली आणि उठली. दाराबाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. घरी पोचेपर्यंत तिने वाटेतल्या कुणालाही ओळख दिली नाही.

आईबाबा स्वयंपाकघरात जेवायला बसले होते. रविवारचं माशाचं सूप होतं आणि दोघंही चमच्यांशी खेळत होते. तीरिलने कोट काढला नाही. ती टेबलाच्या टोकाशी उभी राहिली आणि तिने वाचनालयातलं सगळं सांगितलं, कुठेही रंग न भरता. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला. असा आवाज परीक्षकांनी पहिल्या फेरीतच बाद केला असता.

टोर्गेर सूपकडे बघत म्हणाला, त्याला काही होणार नाही, वकीलबाई असतात ना त्याच्याबरोबर. मग स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण त्याने चमचा खाली ठेवला.

“त्याच्या वकीलबाईंशी मी फोनवर बोलले,” तीरिल म्हणाली. “वाटेत, रस्त्यावर उभी राहून, केंद्रातून नंबर घेऊन. त्या म्हणाल्या, साक्षीदार चालेल. उद्या सकाळी मी वोर्कुबरोबर सुनावणीला जाणार आहे. ती गोष्ट मी रचली, हे सांगणार. बाबा, तू कोठडीत कसा अडकलास ते सांगणार, आणि आईने कोणत्या किल्लीने काढलं तेही.”

“तीरिल, चौकी जाईल,” टोर्गेर हळू म्हणाला.

“जाऊ दे. चौकी गेली तर तुझी शहरात बदली होईल. बसने तासाभराचा रस्ता. वोर्कुची बदली कुठे होईल, तूच सांग.”

गुन्वोरने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने कपाळ चोळलं, आणि त्याचे कान असे लाल झाले की मुलगी कुणावर गेलीये याबद्दल शंका राहू नये.

“आणि अजून एक ठरवलंय,” तीरिल म्हणाली. “तुम्ही दोघंही येताय. मी एकटीने खरं सांगितलं तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, मी करून बघितलंय. बाबा, गणवेश घाल. आई, तू आत त्यांच्या समोर बाबाला विचार, तो ‘कुणीतरी’ म्हणजे कोण.”